सहाशे शेअर काकांच्या नावावर

१० जानेवारी १९८८, रविवार

बाबांचं पत्र आलं. तब्येत, धाकट्या भावाची, दिनूची, दहावी, डेपोतली बदली हे सगळं झाल्यावर शेवटी एक ओळ: 'ज्या कंपनीत तू एक दिवस काम केलं नाहीस, जिचं दारसुद्धा पाहिलं नाहीस, तिची तू मालकीण कशी काय झालीस, ते नीट समजावून लिही.'

मला उत्तर येत नाही. स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस. झाले, पण येत नाही. त्यांना वाटतं मला सगळं येतं, कारण घरात कॉलेज पाहिलेली मी एकटी. ते अकोल्याच्या एस.टी. डेपोत तीस वर्षं इंजिनं उघडतायत. त्यांच्या हिशोबात मालक म्हणजे सकाळी येऊन ओरडणारा माणूस. मी कोणावर ओरडत नाही. माझ्याकडे का. कं.चे (दामले काकांच्या कंपनीचे) बारा शेअर आहेत, पहिल्या पगारातून घेतलेले. एवढीच मालकी.

काल दामल्यांकडे भिशी होती. पाच घरं, घरटी महिना पन्नास डॉलर. देशात भिशीची रक्कम दर महिन्याला एकेकाला मिळते. इथे अमेरिकेत कोणालाच मिळत नाही, शेअर घेतले जातात. सहा वर्षांत सगळ्यांत जास्त का. कं.चे, सहाशे. दामले काका तिथेच क्वालिटी कंट्रोलला आहेत, पंधरा वर्षं. 'आमचा पंप मी स्वतः तपासतो, वाईट निघणार नाही' या एका वाक्यावर सगळ्यांनी घेतले होते. ऑक्टोबरात बाजार कोसळला तेव्हा भाव अर्ध्यावर आला. पंप अजून चांगलाच आहे.

मला सेक्रेटरी केलं. "तू स्टॅटिस्टिक्सवाली, तू रिपोर्ट वाच." काकू चहा देताना म्हणाल्या, "घरात शिक्षणाचं काही वातावरण नसताना किती पुढे आलीस गं." कौतुकच होतं. तरी परत येताना कारमध्ये तेच वाक्य डोक्यात.

२३ जानेवारी, शनिवार

बर्फ. कार निघाली नाही, दिवसभर घरात.

भाव बघायची सवय मोडायची असं नववर्षाला ठरवलं होतं. तेवीस दिवसांत एकदाही पाळलं नाही. ऑफिसात पेपर आला की आधी ते बारीक अक्षरांचं पान. पाव डॉलर वर की खाली. बारा शेअरांवर पाव म्हणजे तीन डॉलर. तीन डॉलरसाठी सकाळचा मूड ठरतो, हे लिहितानाही लाज वाटते.

डॉ. कु. म्हणजे डॉक्टर कुलकर्णी, आमच्या भिशीतले भूलतज्ज्ञ. त्यांनी ब्रोकरकडूनच कर्ज काढून शेअर घेतले होते, ऑक्टोबरात भाव पडल्यावर त्याने ते विकून टाकले. किती गेलं ते सांगत नाहीत. फक्त नवी गाडी परत गेली. भिशीत म्हणाले, "मी लोकांना झोपवतो यार, मला बाजाराने झोपवलं." सगळे हसले, मीही. कुलकर्णी वहिनी हसल्या नाहीत.

माझं मत (कोणी विचारलेलं नाही): कंपनी काय बनवते हे ठाऊक नसताना तिचा कागद घ्यायचा आणि आपल्यापेक्षा कमी ठाऊक असलेल्याला दोन डॉलर जास्तीने विकायचा, याला गुंतवणूक म्हणू नये. डॉ. कुं.ना हे म्हटलं. "मग काय म्हणायचं?" "सट्टा." "आणि तू पेपरात रोज काय बघतेस गं, राशिभविष्य?"



६ फेब्रुवारी, शनिवार

भिशी, डॉ. कुं.कडे. काका उशिरा आले. का. कं.त यंदा कोणालाच पगारवाढ नाही. ऑफिसातली फुकट कॉफीसुद्धा बंद, आता यंत्रात नाणं टाकायचं. कारण: 'बाजाराची परिस्थिती.'

"बाजाराचा आणि कॉफीचा काय संबंध, काका?"

"अगं, सगळ्यांनी थोडं थोडं सोसायचं असं पत्र आलंय. अध्यक्षांच्या सहीचं. बरोबरच आहे." काकांना त्या पत्राबद्दल आदर होता. घडी घालून खिशातून आणलं होतं.

१७ फेब्रुवारी, बुधवार

बाबांना उत्तर लिहायला बसले. 'कंपनीचे लाखो तुकडे करतात, त्यातला एक तुकडा…' इथपर्यंत आलं. पुढे ते विचारणार: मग तुझ्या तुकड्याचं कोणी ऐकतं का? पत्र तिथेच थांबलंय. सर्दी. ऑफिसात आकड्यांची दोनशे पानी टेबलं तपासायची आहेत. थकवा सर्दीचाच असावा.

२२ मार्च, मंगळवार

का. कं.ची वार्षिक सभा १५ एप्रिलला. माझ्या बारा शेअरांसाठी जाड पुस्तिका आणि मतदानाचं कार्ड आलं. पुस्तिका कोणी वाचू नये अशाच अक्षरांत छापतात. मी वाचली. एकोणिसाव्या पानावर थांबले. तीनदा वाचलं.

अध्यक्ष आणि वरचे अकराजण यांना एक हक्क दिलेला आहे. शेअर पुढे कधीही आधी ठरलेल्या भावाने विकत घ्यायचा. बाजारात भाव वर गेला तर मधला फरक त्यांचा. यात म्हणे त्यांचं आणि आमचं हित एकच होतं, चढलो तर एकत्र, पडलो तर एकत्र. ऑक्टोबरात आम्ही पडलो. तेही पडले, त्यांचा हक्क कवडीमोल झाला. तर आता ठराव असा की त्यांचा ठरलेला भावच आजच्या पडलेल्या भावावर आणायचा. 'कर्तबगार व्यक्तींचा उत्साह टिकावा म्हणून.'

आमच्या भिशीला कोणी नवा भाव दिला? काकांच्या उत्साहाचं काय? त्यांना कॉफीला नाणं टाकावं लागतं.

पगारांचा तक्ता पण आहे. काका एकदा त्यांचा पगार बोलून गेले होते. अध्यक्षांचं एक वर्ष म्हणजे काकांची एकोणीस वर्षं. मोठं काम, मोठा पगार, हे मला मान्य आहे. मी काही सगळ्यांना सारखं द्या म्हणत नाही. पण चढताना भागीदार आणि पडताना नोकर, असं एकाच माणसाला कसं होता येतं?

कार्डावर तीन चौकोन: बाजूने, विरोधात, तटस्थ. खाली बारीक: नुसती सही करून चौकोन मोकळे सोडले तर मत व्यवस्थापनाच्या बाजूने धरलं जाईल.

माझे बारा काय करणार? पण भिशीचे सहाशे आहेत. शनिवारी दामल्यांकडे जाऊन बोलायचं.

२६ मार्च, शनिवार

गेले. पुस्तिका, पेन्सिलीच्या खुणा, सगळी तयारी. सांगायला सुरुवात केली तर काकू स्वयंपाकघरातून: "ते पिवळं पाकीट ना? ते मी गुरुवारीच टाकलं पोस्टात."

"सही?"

"केली की. 'इथे सही करा' असं लिहिलं होतं. यांच्या नावाने मीच करते, लाइट बिल, शाळेची पत्रं, सगळं. ऑफिशियल कागद घरात पडून राहिला की मला चैन पडत नाही."

"आणि चौकोन?"

"कसले चौकोन?"

म्हणजे सहाशे मतं अध्यक्षांना, काकूंच्या अक्षरात. काका हसले. मला वाटतं सुटल्यासारखे हसले. मी म्हटलं, काका, नंतरच्या तारखेचं दुसरं कार्ड पाठवलं तर पहिलं रद्द होतं, आत लिहिलंय. हसू गेलं.

"मंगल, त्यावर माझं नाव आहे."

आता लक्षात आलं ते असं. बाकी शेअरहोल्डरांचे शेअर सहसा ब्रोकरकडेच, ब्रोकरच्या नावाने जमा असतात. कंपनीला माणूस दिसत नाही. काकांचा ब्रोकरवर विश्वास नव्हता. कागद हातात हवा! म्हणून भिशीच्या सगळ्या शेअरांची सर्टिफिकेटं छापून घेतली, स्वतःच्या नावावर, आणि पासपोर्टांच्या फाइलीत ठेवली. इतके दिवस आम्ही त्यांच्या दक्षतेचं कौतुक केलं. आता त्याच दक्षतेमुळे मतमोजणीच्या टेबलावर कार्ड येणार ते 'व्ही. जी. दामले' म्हणून. टेबल त्यांच्याच कंपनीचं.

"कोण बघतं हो काका, एवढ्या हजारो कार्डांत?"

"कार्ड पाठवलं का म्हणून सुपरवायझर टेबलाटेबलाने विचारत फिरतोय. हरवलं असेल तर हे घ्या म्हणून कोरी कार्डं वाटली. शिपिंगमधल्या एकाने 'विरोधात' खूण केली, तर त्याला वर बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, तुमचा वाचताना काही गैरसमज झालाय का?"

त्यांची नीता कॉलेजातून सुट्टीवर आली होती, सोफ्यावर लोळत ऐकत होती. "जस्ट सेल इट, बाबा. व्हाय डू यू इव्हन ओन युअर बॉस?"

काका म्हणाले, "तू जेवून घे."

२ एप्रिल, शनिवार

भिशी. मी विषय काढला. काढायला नको होता असं आता वाटतं, पण नसता काढला तर दुसरं काही वाटलं असतं.

मी म्हटलं, शेअर काकांच्या नावावर असले तरी पाच घरांचे आहेत, निदान सगळ्यांनी मिळून ठरवू. डॉ. कु. म्हणाले, "अगं, सहाशे म्हणजे समुद्रात थुंकणं. ठराव पास होणारच. उगाच दामल्यांचं नाव कशाला?"

"मग नुकसान होतं ते बघत बसायचं?"

"एक विचारू? मागच्या ऑगस्टात भाव सगळ्यात वर होता. अध्यक्ष तेव्हाही एवढाच पगार घ्यायचा. तेव्हा नाही चिडलीस ती?"

 ऑगस्टात मी बारा गुणिले भाव करून दिनूच्या कॉलेजची किती वर्षं निघतील ते मांडत होते. एकोणिसावं पान तेव्हाच्या रिपोर्टातही असणार. मी तेव्हा भाव वाचला, रिपोर्ट नाही.

डॉ. कु. वाईट माणूस नाही. म्हणूनच जास्त लागलं. शेवटी सगळ्यांचं एकच, असू दे. काका सबंध वेळ चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. 

निघताना दारात हळूच म्हणाले, "तू म्हणतेस ते चूक नाहीये."

७ एप्रिल, गुरुवार

पाच वाजता काका माझ्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये. याआधी कधी आले नव्हते. वर या म्हटलं तर नको म्हणाले. गाडीच्या टपावर ब्रीफकेस ठेवून उभे. ऑफिसचा टाय तसाच.

फ्रँकला काल काढलं. फ्रँक म्हणजे काकांचा जेवणाच्या सुट्टीतला सोबती, पंधरा वर्षं एकच टेबल. पहिल्या हिवाळ्यात बर्फात गाडी चालवायला त्यानेच शिकवलं. काकूंची पुरणपोळी त्याला भारी आवडायची, पॅनकेक म्हणायचा. बुधवारी सकाळी सांगितलं, दुपारी कपाट रिकामं. खर्चकपात.

"मला म्हणाला, व्हिक, निदान तुझे शेअर तरी चढतील."

आणि खरंच, आज भाव अर्ध्या डॉलरने वर होता. मी सकाळीच पाहिलं होतं. बोलले नाही.

काकांनी ब्रीफकेस उघडली. सुपरवायझरने वाटलेलं कोरं कार्ड. टपावरच ठेवून 'विरोधात'च्या चौकोनात फुली मारली, पेन दोनदा फिरवून. सही केली. स्वतःची. काकूंच्या सहीपेक्षा फार वेगळी आहे. तारीख घातली. पाकीट बंद न करता मला दिलं.

"तू टाक. मी घरी नेलं तर जेवेपर्यंत विचार बदलेन. मला माहितेय मी कसा आहे."

"काका, नक्की?"

"पंधरा वर्षांत त्या बिल्डिंगमध्ये मी कशालाच नाही म्हटलेलं नाही, मंगल. एकदा म्हणू दे."

गाडी सुरू केली, मग काच खाली करून: "बारा तारखेपर्यंत टाक हं. वेळेवर पोचायला हवं."

मला खूप आनंद व्हायला हवा होता. झाला पण. थोडा वेळ.

१० एप्रिल, रविवार

सकाळी काकूंचा फोन.

"हे तुझ्याकडे आले होते ना गुरुवारी?"

"हो."

"कळलंच मला. घरी आले तेव्हा शीळ घालत होते. कधी घालत नाहीत."  मग: "मी तुला काही कर किंवा करू नको सांगत नाही. तू शिकलेली आहेस. फक्त सांगते, यांना चौपन्न पूर्ण झाली. नीताची दोन वर्षं आहेत अजून. फ्रँकला काढलं, पुढच्या यादीत कोण ते ठरवायला त्यांना काहीतरी निमित्त लागेलच ना? तुझं काय गं, सव्वीसची आहेस. तुला उद्या दुसरी नोकरी मिळेल."

 शेवटचं वाक्य तर अगदी खरं होतं. पुस्तिका मी वाचली. विषय मी काढला. भिशीत तावातावाने बोलले मी. आणि वर बोलावलं तर काका जाणार.

"त्यांना सांगू नकोस मी फोन केला म्हणून."

कार्ड पर्समध्ये, चष्म्याच्या घराच्या मागे. आज चार वेळा काढून पाहिलं. फुली फार जोरात मारलीय, मागच्या बाजूने हाताला लागते.

एक मन: त्यांचं मत त्यांनी दिलं, माझं काम टपालाचं. चौपन्न वर्षांच्या माणसाला आपल्या नोकरीचा धोका कळतो. दुसरं मन: मी नसते तर त्यांनी एकोणिसावं पान उघडलंही नसतं. तिसरं: सहाशे असोत नसोत, ठराव पास होणारच. हे तिसरं डॉ. कुं.चं आहे, माझं नाही. आज मात्र माझ्या आवाजात ऐकू येतंय.

१२ एप्रिल, मंगळवार

पाऊस. लंच अवरमध्ये रूट वन हायवेवरच्या पोस्टात गेले. माझं कार्ड पेटीत टाकलं. बारा शेअर, विरोधात.

दुपारी टेबलांत दोन चुका केल्या, बॉसने पकडल्या. लवकर घरी आले.

१६ एप्रिल, शनिवार

अकराच्या सुमारास काकांचा फोन. सभा काल झाली. ठराव पास, प्रचंड बहुमताने, प्लँटमध्ये लाउडस्पीकरवर सांगितलं. टाळ्या वाजवायला सांगितल्यासारख्या टाळ्या वाजल्या म्हणे. "मी नाही वाजवल्या."

आवाज निराळाच. एवढे मोकळे बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. म्हणाले, काकूला सगळं सांगून टाकलं. ती तीन दिवस बोलली नाही, पण आज सकाळी चहा पुढ्यात ठेवला. नीताला फोन केला, तर ती ओरडलीच, 'वे टू गो, बाबा!' फ्रँकलाही फोन केला. फ्रँक हसत सुटला, म्हणाला, व्हिक, तू वेडा आहेस.

"आपण हरलो गं. पण निदान आपण नाही म्हटलं."

मी हूं म्हटलं.

"सोमवारी बोलावतील असं वाटतंय. बोलावू देत. काय म्हणायचं ते तयार केलंय. ऐक हं." घसा साफ केला. मग सावकाश, शाळेत धडा म्हणतात तसं: "सर, देअर इज नो मिसअंडरस्टँडिंग. आय रेड इट. अँड आय अंडरस्टूड इट. बरं आहे?"

"छान आहे, काका."

"'सर' ठेवू की काढू?"

"काढा."

"मलाही तसंच वाटलं." कागदावर काहीतरी खोडल्याचा आवाज आला. मग: "कार्ड पोचलं असेल ना गं वेळेवर? तू टाकलंस कधी?"

"मंगळवारी."

"मग पोचलंच."

"हो," मी म्हटलं.

मंगळवारी माझं कार्ड टाकल्यावर मी पोस्टाच्या छपराखाली बराच वेळ उभी होते. पेटीवरची वेळ वाचली. टपाल न्यायची दुसरी गाडी चारला होती. चार वाजायला अवकाश होता. मग काकांचं कार्ड पर्समधून काढलं, चार तुकडे केले, आणि ते शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून ऑफिसला परत गेले.